पुन्हाबाई

बूट शिवायच्या त्या लहानशा कारखान्यात टोपणनावांना तोटा नव्हता. सगळ्यांत जुनं नाव ‘पुन्हाबाई’. कुणी टाका उसवला, कुणी चामडं दोनदा मोजलं, की मिस्त्री ओरडायचा, “झाली का पुन्हाबाई?” बाप्यालाही तेच, बाईलाही तेच. नाव कुठून आलं हे नव्यांना ठाऊक नव्हतं आणि जुने सांगत नव्हते.

नव्यांतल्या एका पोरीला मात्र ठाऊक होतं. पुन्हाबाई म्हणजे तिची आई. लेक आता बसते त्याच खिडकीपाशी बावीस वर्षं बसलेली. घरीही तोच जप: वेणी घालायची, सोडायची, “पुन्हा.” शाळेची घंटा व्हायची आणि लेक अर्ध्या वेणीनं रडायची. ते नाव आपल्याला चिकटू नये म्हणून इथं आल्यापासून ती सगळ्यालाच मान डोलवायची.

त्या सकाळी टपाल वाटणाऱ्या मावशी नवे बूट न्यायला आल्या. डावा पाय आखूड, म्हणून त्या बुटाला जाड तळ. दुखण्यानं महिनाभर घरी बसल्या होत्या, उद्या कामावर जायचं होतं. दोन पावलं चालून म्हणाल्या, “फुलासारखे गं!”

“बांधून दे,” मिस्त्री म्हणाला.

तिनं मावशींच्या टाचेमागे बोट सारून पाहिलं, जेमतेम शिरलं. “मावशी, माप कधी दिलं होतं?”

“परवा, सकाळी-सकाळीच की. चहासुद्धा घेऊ दिला नाही ह्यानं.”

सकाळचं माप, तेही महिनाभर विसावलेल्या पायाचं. दिवसभर जिने चढून हे पाय सुजणार, आणि कुणाच्या तरी दारात कातडं सोलवटणार. गप्प बसणं किती सोपं होतं.

“पुन्हा करावे लागतील,” ती म्हणाली.

“आली बाई, आली!” कारखाना हसला.

“ती माझी आई होती.”

हसू विरलं. म्हाताऱ्या शिवणकाकांनी आरी खाली ठेवली. “तिची लेक तू? अगं, ‘पुन्हा करा’ असं ती आम्हाला कधीच म्हणाली नाही. आमचे वाकडे टाके जेवणाच्या सुट्टीत स्वतः उसवायची, अन् स्वतःशीच पुटपुटायची. चिडवलं आम्ही.”

“ते राहू द्या,” मावशी कडाडल्या. “उद्या मी काय घालू? तुझं डोकं?”

“जुनेच घाला. फेरी संपली की सरळ इथं या. मी थांबते.”

मावशी पाय आपटत गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या लंगडत आल्या, स्टुलावर धपकन बसल्या. “घे, मोज एकदाचं. अन् हात गार असतील तर आधी चोळ.”

तिनं तळवे चोळले, जुन्या मापाचाच कागद पसरला, पेन्सिल उभी धरून सावकाश पायाभोवती फिरवली. नवी रेघ जुन्या मापाच्या बाहेर, चांगली अर्धं बोट गेली. मिस्त्रीनं तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.  मग दिवा जवळ सरकवला.