फळ्यावरचे कांबळे

मित्रांनो, मी सांगलीच्या एका कॉलेजातला जुना फळा आहे. जन्माने काही काळा नव्हतो बरं का! तात्याबा सुताराने सागाच्या फळ्या सांधून मला घडवले आणि वर काळा रंग दिला. "नातवंडांपातूर टिकंल ह्यो," असे तो म्हणाला, तेव्हा माझी छाती फुगली होती.

गंगाधरपंत तिथे पदार्थविज्ञान शिकवत. १९४९ साली त्यांना एकाच विषयाने झपाटले होते. ते मुलांना सांगत, "साऱ्या अवकाशात क्षेत्र पसरलेलं असतं आणि कण म्हणजे त्याचीच थरथर. पण अवकाश हवं तितकं बारीक चिरता येतं असं धरलं, की उत्तर अनंत येतं. गणितच बसलं खाली! नवा विचार असा, की अगदी बारीक पाहिलं तर आधी लांबी मग रुंदी मापणं आणि आधी रुंदी मग लांबी मापणं एक नसतं. क्रम बदलला की उत्तर बदललं. हा क्रम सांभाळला, तर ते अनंत टळावं."

पुण्याचे प्राध्यापक हे गणित बघायला येणार होते. पंतांनी आदल्या दिवशीच मला काठोकाठ भरले आणि शिपाई आकारामला बजावले, "यातलं अक्षरही पुसू नकोस." आकाराम लढाईवरून परतलेला गडी. धूळ बसू नये म्हणून त्याने आपले फौजी कांबळे माझ्यापुढे टांगले, तेही मला टेकणार नाही अशा बेताने.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर पंत शेवटच्या ओळीला पोहोचले, तर तेच अनंत दत्त म्हणून उभे! पाहुणे गालातल्या गालात हसले. पंत दाराशी उभ्या आकारामवर घसरले.

"तुझ्या कांबळ्यानं अक्षरं पुसली आणि तू ती उलटसुलट गिरवलीस!"

"न्हाई साहेब, हात बी लावला न्हाई. मला ही अक्षरं येत्यात तरी कुटं?"

"खोटं बोलतोस! चालता हो!"

आकाराम मान खाली घालून गेला. मित्रांनो, तिसऱ्या ओळीत पंतांनीच सवयीने, क्रमाने काही न बिघडणाऱ्या बाजारातल्या गुणाकारासारखी, दोन अक्षरांची अदलाबदल केली होती. खरे काय ते माझ्याच अंगावर होते आणि मला वाचा नव्हती. शरमेने भुईत गडप व्हावेसे वाटले.

पाहुणे गेल्यावर पंतांना चूक सापडली. मग आकारामला रिकाम्या वर्गात बोलावून ते हळूच म्हणाले, "चुकलो रे. माफ कर."

कांबळ्याची घडी घालत आकाराम म्हणाला, "साहेब, मला खोटा म्हनायला चारचौघं हुती. माफीला मातूर कुनीच न्हाई व्हय?"

दुसऱ्या दिवशी भरल्या वर्गात पंतांनी आकारामपुढे हात जोडले. "चूक माझी होती," ते म्हणाले. पण पाहुणे केव्हाच पुण्याला पोहोचले होते. त्यांच्या लेखी आकाराम खोटाच राहिला. पंतांना हे ठाऊक होते; मला पुसताना ते तिसरी ओळ पुन्हा पुन्हा घासत राहिले.

आता मी अडगळीत पडलो आहे. मित्रांनो, मला नवा रंग नाही दिलात तरी चालेल. फक्त आधी विचारा, मग बोट दाखवा. पंतांनी उलट केले, आणि नंतर कितीही पुसले तरी ते उत्तर बदलले नाही.