बाहेरून काढलेला फोटो अनिवार्य

मी एक जुनं सॉफ्टवेअर आहे, मित्रांनो. जुनं म्हणजे सव्वातीन वर्षांचं. हसू नका. आमच्यात या वयाला लोक मागे उभं राहून कुजबुजायला लागतात. काल माझ्यामागे कोणीतरी म्हणालं, "हे काढून नवीन करून घेऊ." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

तसा मी जन्मापासूनच भित्रा. त्याला कारणही तसंच घडलं.

पुण्याच्या विश्रांतवाडीत हिंमतरावांची लिफ्ट दुरुस्तीची कंपनी आहे. कुठे लिफ्ट अडकली की लोक तिथे फोन करायचे. फोन उचलायच्या कौशल्याबाई. एकोणीस वर्षं त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "कुठे? आत कोण आहे?" उत्तर ऐकता ऐकता दुसऱ्या हाताने जवळच्या मेकॅनिकला फोन. बास.

हिंमतरावांना हे जुनाट वाटायला लागलं. त्यांनी मला बनवायचं काम एका कंपनीला दिलं. तिकडून दोघं यायचे. पूर्वा मला लिहायची आणि सौरभ मीटिंगमध्ये बोलायचा. बोलायचा म्हणजे काय, एकच वाक्य, "होऊन जाईल सर."

दर मंगळवारी मीटिंग. दर मंगळवारी माझ्या अंगावर एक नवा रकाना. लिफ्ट बसवल्याचं साल टाका. सोसायटीच्या सेक्रेटरीचं नाव टाका. पाचाचे सोळा झाले. प्रत्येकापुढे लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही. मग एक दिवस हिंमतराव म्हणाले, "खोट्या तक्रारी फार येतात हो. लिफ्टचा फोटो पाठवलाच पाहिजे. बाहेरून काढलेला. मजल्याचा आकडा दिसला पाहिजे."

"होऊन जाईल सर."

"पण सर," पूर्वा म्हणाली, "माणूस आत अडकला असेल तर तो बाहेरून..."

सौरभने टेबलाखाली तिच्या पायावर पाय दिला.

मित्रांनो, त्या क्षणी मी पहिल्यांदा गारठलो. मला चूक दिसत होती. पण आमच्यात तोंड उघडायची सोय नसते. सांगितलं तेवढंच करायचं, आणि अगदी तस्संच करायचं. यापेक्षा भीतीदायक स्वभाव दुसरा नाही.

चाचणीच्या वेळी सौरभने कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातल्या वाघाचा फोटो पाठवला. मी तो लिफ्ट म्हणून घेतला. हिंमतराव भडकले. मग मला दार ओळखायला शिकवलं, आतलं वेगळं आणि बाहेरचं वेगळं. हे सगळं चालू असताना काचेपलीकडे कौशल्याबाई फोन उचलत होत्या. त्यांना आत कोणी बोलावलं नाही.

माझ्या उद्घाटनाचा दिवस उजाडला. सकाळीच टेलिफोनची वायर काढून कपाटात ठेवली. मेकॅनिक लोकांना हुकूम सुटला, ऑफिसच्या कोणाचाही फोन घ्यायचा नाही, ॲपवर येईल तेवढंच काम. कौशल्याबाईंना सांगितलं, "तुम्ही आता आराम करा."

ऑफिस चौथ्या मजल्यावर. हिंमतराव रोज जिना चढायचे. तब्येतीसाठी, असं सांगायचे. खरं म्हणजे लिफ्टवाल्या हिंमतरावांना लिफ्टची भीती वाटायची. पण सौरभ म्हणाला, "सर, लिफ्टमधून बाहेर येतानाचा फोटो भारी येईल." तिघं आत शिरले. हिंमतराव, सौरभ, पूर्वा आणि एक पेढ्यांचा खोका.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये गचका बसला. लिफ्ट थांबली. दिवा गेला.

मी पूर्वाच्या फोनमध्ये होतो. अंधारात तेवढाच माझा उजेड.

"घाबरू नका," असं म्हणत हिंमतराव खाली बसले. त्यांच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली. दम्याचा पंप वर ड्रॉवरमध्ये. "पूर्वा, तक्रार टाक पटकन. आपलंच ॲप आहे!"

ग्राहक क्रमांक? या इमारतीला नव्हताच. आपल्याच लिफ्टच्या देखभालीचा करार हिंमतरावांनी कधी केला नव्हता. "राहून गेलं गं," ते कसेबसे म्हणाले. पूर्वाने दुसऱ्या सोसायटीचा क्रमांक ठोकून दिला. सोळा रकाने भरले. सतरावा आला. तिने दाराचा फोटो काढला.

मी लाल झालो. 'कृपया फोटो बाहेरून काढा.'

तिने पुन्हा काढला. मी पुन्हा लाल. मला रडू येत होतं, पण माझ्याकडे तेवढंच वाक्य होतं.

"अगं, काढून टाक ना तो रकाना!"

"सर, लॅपटॉप वर आहे."

सौरभने तोंड उघडलं. त्याचं एकुलतं एक वाक्य, तेही बाहेर येईना.

मेकॅनिक फोन घेणार नव्हते, हुकूमच तसा होता. "कौशल्याबाईंना फोन लाव," हिंमतराव धापा टाकत म्हणाले. पण त्यांच्याकडे नंबर होता तो ऑफिसचा. वायर कपाटात. बाईंचा मोबाईल नंबर? एकोणीस वर्षांत हिंमतरावांनी तो घेतलाच नव्हता, आणि बाकी दोघांनीही कधी मागितला नव्हता.

शिट्टी बारीक होत चालली. मित्रांनो, एक माणूस माझ्यासमोर गुदमरत होता, आणि मी त्याच्याकडे फोटो मागत होतो.

पूर्वा दारावर बुक्क्या मारत राहिली. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. आराम करायला निघालेल्या कौशल्याबाई पिशवी घेऊन उतरत होत्या.

"कोण आहे आत?"

"आम्ही! सर, सौरभ, मी! सरांना दम लागलाय!"

"बरं. फोटो काढायला बाहेर येताय, की मी काढू?" असं म्हणेपर्यंत त्यांनी स्वतःच्या मोबाईलवरून नंबर लावला होता. "वैजनाथ, आपलीच बिल्डिंग. दोन-तीनच्या मध्ये. आत तिघं, साहेबांचा दमा."

"पण बाई, ॲपवर नाही आलं. साहेब ओरडतील."

"ॲप पण आतच अडकलंय. आणि साहेबांना ओरडायला श्वास नाही. ये!"

वैजनाथ शेजारच्याच सोसायटीत होता. गच्चीवरच्या लिफ्टच्या मशीनच्या खोलीतून त्याने हाताने लिफ्ट खाली आणली. दार उघडलं, हिंमतराव रांगत बाहेर आले, आणि कौशल्याबाईंनी पंप त्यांच्या हातात ठेवला. तो आणायला त्या दोन मजले पळत चढल्या होत्या. पेढ्यांवर सौरभ बसला होता.

पुढच्या मंगळवारी मीटिंगच्या खोलीत एक खुर्ची वाढली. कौशल्याबाई बसल्या आणि बोट दाखवत गेल्या, "हे काढा. हेही. हे कोणी सुचवलं?" हिंमतराव छताकडे बघत राहिले. सतराचे दोन रकाने उरले. कुठे? आत कोण आहे? टेलिफोनची वायरही परत लागली. त्यानंतर तीन वर्षं माझ्यामुळे कोणी गुदमरलं नाही. लोक शाबासकी द्यायचे, मी मनात म्हणायचो, ती बाईंची आहे.

आता पूर्वा दुसरीकडे गेली. माझी डागडुजी कोणी करत नाही. हिंमतरावांचा पुतण्या आमोद कारभार बघतो. मला काढा, मित्रांनो, माझी तक्रार नाही. पण नवं काही बनवाल तेव्हा फोन उचलणाऱ्या माणसाला आधी विचारा. ज्याच्या कानात ती घाबरलेली हाक येते, त्यालाच माहीत असतं काय विचारायचं.

काल नव्या सॉफ्टवेअरची पहिली मीटिंग झाली. कौशल्याबाईंच्या टेबलावरच्या टॅबलेटमधून मला काचेपलीकडचं दिसतं. आमोद म्हणाला, "एक छोटासा रकाना वाढवायचाय." समोरचा म्हणाला, "होऊन जाईल सर."

मी खुर्च्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

एक कमी होती.