घागरीखालचं छत

तीनदा रंगवलं छत. तीनदा! डाग पुन्हा तिथंच, पलंगाच्या बरोबर वर, पिवळट, कडेनं तपकिरी. चौथ्यांदा दिसला तवा माझ्या सुनेनं, चंदानं, आचलचे कपडे पिशवीत भरले.

"आई, हे येऊन राहिले इथं. मी पोरीले घेऊन मोर्शीले चालली, माहेरी. परत नाही येत."

हे म्हंजे माझा धर्मेंद्र. नांदगाव पेठच्या कापड कंपनीत होता. मागच्या मे महिन्यात, अक्षय तृतीयेच्या चार दिवस आधी, दिवसभर उन्हात फिरून आला अन् गच्चीवर निजला. सकाळी वरून आवाज दिला, "आई, पाणी." मी पोळ्या लाटून राहिली होती, डोकं तापलेलं. "हातपाय नाहीत का तुले? ये खाली अन् घे!" पोळ्या झाल्यावर वर गेली, तं पोरगं गेलं होतं. उष्माघात, डॉक्टर म्हणे.

आता घरात आचलचाच काय तो आवाज. चार वर्षांची हाये. तीही गेली तं मी भिंतीशी बोलू का? "चार दिवस थांब," म्हणलं, अन् नत्थुजी पेंटरले पुन्हा बोलावलं.

त्यानं पोपडे खरवडले, बोटानं ओल चाचपली, पण रंगाचा डबा काही उघडला नाही. "सिंधूबाई, पाऊस नाही, नळाचा पाइप नाही. वर काय ठेवलं?"

"काही नाही."

माणूस ऐकते का? तरातरा गच्चीवर गेला. मागं चंदा. मी सावकाश चढली.

घागर होती. अक्षय तृतीयेले गेलेल्या माणसाच्या नावानं आपण नवी घागर भरतो, त्या एका दिवसापुरती. मी थांबलीच नाही. धर्मेंद्र निजला होता त्याच जागी ठेवली अन् वर्षभर रोज काठोकाठ भरली.

"मातीची घागर पाझरतेच," नत्थुजी म्हणे. "खाली स्लॅबले भेग हाये. घागर उचला, आठ दिवस वाळू द्या, मंग प्रायमर मारतो. जाते डाग."

मले वाटलं, चला, चंदाचं भ्याव गेलं. पण ती पांढरीफटक पडली. "म्हंजे तुमीच त्याइले बोलावून राहिल्या! रोज!"

"अवं, तहानलेला गेला तो! माझ्यापायी गेला!"

"मंग आमी काय करावं?" चंदा रडाले लागली. "घागर ठेवा, नाहीतं आचलले ठेवा."

मी घागर उचलली, खाली नेली, मोरीत उपडी केली. वाटलं, कोणी तरी हात धरन माझा. कोणी धरला नाही.

आता छत पांढरंशुभ्र हाये. चंदा मोर्शीचं नाव काढत नाही, आचल पलंगावर उड्या मारते. मले मातर पाण्याचा गिलास तोंडाले लावाची लाज वाटते. पुन्हा निवडाले लावलं तरी मी आचललेच ठेवीन. अन् हे गच्चीवर जाऊन धर्मेंद्रले सांगाची हिंमत काही मले होत नाही.