मोठ्या बाईंच्या दारातला बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. शाळेतला खरा, पण वर्गातला नव्हे. माझी जागा मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, दाराबाहेर होती. वर्गातल्या बाकांवर शिकणारी मुले बसतात. माझ्यावर बसायचे ते वाट बघणारे लोक. वाट बघणारा माणूस सरळ कधी बसत नाही. कुणी कडेला टेकतो, कुणी ऐसपैस पसरतो, कुणी दाराच्या फटीतून सारखा आत डोकावतो. त्यामुळे बसण्यावरून माणूस जोखायची मला खोड लागली आणि कुणावर चटकन विश्वास न ठेवण्याचीही.

मला घडवले ते इथल्याच एका सुताराने. त्याची मुलगी या शाळेत शिकत होती. शाळेमागच्या कारखान्याचे जुने दरवाजे मोडीत निघाले होते, त्यांच्या फळ्या शाळेला मिळाल्या. सुताराने एकेक फळी बोटाच्या पेराने ठोकून पाहिली. जी पोकळ वाजली ती त्याने चुलीला दिली. उरलेल्यांना खाचा पाडून, खुंट्या ठोकून त्याने मला जुळवले आणि माझी पाठ मुद्दाम ताठ ठेवली. "मोठ्या बाईंच्या दारात कुणी रेलायला नको," असे त्याचे म्हणणे.

ते दिवस भरभराटीचे होते. कारखान्याचा भोंगा वाजला की शाळा भरायची. मुले इतकी, की शाळा सकाळ-दुपार अशा दोन पाळ्यांत चालायची. दंगा केलेली पोरे माझ्यावर मान खाली घालून बसत. ताप आलेल्या मुलाला माझ्यावर आडवे करत आणि त्याची आई कामावरून धावत येईपर्यंत कुणीतरी शिक्षिका त्याचे डोके मांडीवर घेऊन बसे. दाखल्यासाठी आलेले बाप माझ्यावर बसण्याआधी हाताने माझी धूळ झटकत. ती धूळ त्यांच्याच कारखान्याची असे. "या बाकानं अर्धी वस्ती शिकवली," असे त्या वेळच्या मोठ्या बाई पाहुण्यांना सांगत. मी फुशारून जाई.

मग कारखाना बंद पडला. त्याच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. आधी भोंगा गेला, मग सकाळची पाळी गेली. नव्या इमारतींतली मुले पिवळ्या गाड्यांतून दूरच्या शाळांत जात. आमच्याकडे उरली ती बसचालकांची, स्वयंपाकिणींची, पहारेकऱ्यांची मुले. माझा रंग उडाला, एक खुंटी सैल झाली, पण दुरुस्तीला कुणी फिरकले नाही. चार नंबरच्या वर्गाचे छत गळू लागले. पावसात तिथली मुले पुस्तके पोटाशी धरून भिंतीकडेला सरकत. बाई अर्ज करून थकल्या.

त्याच सुमारास माझ्यावर नवी माणसे बसू लागली. त्यांच्या हातात मोजायची टेप असे आणि तोंडात साखर. "किती शांत परिसर आहे हो!" म्हणत ते मैदानाची लांबी घेत. मित्रांनो, जो माणूस मुलांकडे न बघता मैदानाकडे बघतो, त्याच्याविषयी मला लगेच शंका येते.

शंका खरी ठरली. नव्या इमारतींच्या सोसायटीचे सेक्रेटरी एके दिवशी बाईंना भेटायला आले. ते अगदी नम्र होते. त्यांच्या तोंडी 'जीवनमान' हा शब्द सारखा येत होता. त्यांची मागणी अशी, की आमची शाळा मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत मिसळावी आणि इथे बाग, चालायला वाट आणि गाड्यांसाठी वाहनतळ करावा. "मुलांच्याच भल्यासाठी," ते म्हणाले. पालिकेचे साहेब लवकरच शाळेत येऊन सगळ्यांची मते ऐकणार होते.

ते गेल्यावर बाई दारात उभ्या राहून शिपाईमामांना म्हणाल्या, "मामा, भलं करायला निघालेली माणसं बघितली की मी आधी फाटकाचं कुलूप तपासते."

"गोड बोलणं म्हणजे गळ्याला सुरी," मामा म्हणाले. तेव्हापासून ते फाटकातून येणाऱ्या मांजरालासुद्धा 'काय काम आहे?' असे विचारू लागले.

अशा वातावरणात एक अनोळखी बाई आली. मऊ चपला, खांद्याला चांगली पिशवी. मागच्या टॉवरमधली आहे हे सांगायला नको होते. मधल्या सुट्टीत ती माझ्यावर येऊन बसली, अगदी कडेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. खेळणाऱ्या मुलांकडे ती टक लावून बघत बसे. मामांनी तिचे नाव 'टॉवरवाली' ठेवले.

"कोण हो ही?" बाईंनी हळूच विचारले.

"हेर," मामा ठामपणे म्हणाले. "सेक्रेटरीनं पाठवलेली. चहा विचारू?"

"अजिबात नाही. नुसती नजर ठेवा."

टॉवरवाली प्रश्न मात्र विचित्र विचारी. एका वर्गात मुले किती? कुणी बोलले नाही तर शिक्षिका काय करतात? संडासात पाणी असते का? मूल रडले तर कुठे बसवतात?

"तुम्ही बसलाय तिथंच बसवतो," बाई तुटकपणे म्हणाल्या. तिने माझ्या फळीवरून हात फिरवला. मला मात्र तो हात आवडला नाही. विकत घ्यायच्या वस्तूवरूनही माणसे असाच हात फिरवतात.

एका पावसाळी दुपारी ती चार नंबरच्या वर्गाशी उभी राहून मोबाइलने फोटो काढताना सापडली. बाई तरातरा गेल्या.

"छतच दिसलं का तुम्हाला? खाली मुलं बसलीत ती नाही दिसली?"

"दोन्ही दिसलं, बाई. म्हणूनच तर..." एवढे बोलून ती अडखळली आणि निघून गेली. मामांनी फाटक तिच्या मागे जरा जोरातच लावले.

मते ऐकायचा दिवस आला. शाळेच्या दिवाणखान्याएवढ्या सभागृहात खुर्च्या पुरेनात, म्हणून मलाही उचलून तिथे नेले. माझ्यावर मध्ये एक बसचालक वडील बसले. त्यांची मुलगी चार नंबरच्या वर्गात होती. त्यांच्या शेजारी टॉवरमधल्या एक म्हाताऱ्या आजी बसल्या. दोघांनीही आपापल्या पिशव्या मध्ये ठेवून हद्द आखली.

सेक्रेटरी बोलायला उठले. त्यांनी भिंतीवर एक मोठा फोटो दाखवला. चार नंबरचे गळणारे छत! "अशा धोकादायक इमारतीत आपण मुलांना बसवायचं का?" त्यांचा आवाज भरून आला. सभा हळहळली. बाईंची मान वळली, मामांची वळली. सगळ्यांचे डोळे दाराजवळ उभ्या असलेल्या टॉवरवालीवर खिळले.

"बघा," मामा पुटपुटले, "म्हटलं नव्हतं?"

ती पुढे आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "फोटो मीच काढला," ती म्हणाली. "सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'आपण मिळून पालिकेला सांगू या, हे छत आधी दुरुस्त करा.' फोटो इथं आलाय. माझं वाक्य कुठे गेलं, सेक्रेटरीसाहेब?"

सेक्रेटरींनी घसा खाकरला. "भावना महत्त्वाची, मॅडम. शब्द इकडचे तिकडे झाले असतील."

"इकडचे तिकडे नाही झाले. गायब झाले." मग ती साहेबांकडे वळली. "माझी मुलगी मोठ्या शाळेत जाते. तिथं सगळं आहे. पण वर्षभरात ती शाळेत एक शब्द बोललेली नाही. घरी येते आणि भिंतीकडे तोंड करून बसते. आमच्या खिडकीतून तिला या शाळेचं मैदान दिसतं. फक्त ते बघताना हसते. म्हणून मी रोज इथं येऊन बसत होते. आधी सांगायची लाज वाटली. मला तिला इथं घालायचंय."

सभेत कुजबुज झाली. कुणीतरी टाळी वाजवली. मलाही वाटले, संपले सगळे, गोड झाले. पण माझ्यावरचे बसचालक उठले, आणि मित्रांनो, ते काही रागाने बोलत नव्हते.

"ताई, तुमच्या मुलीचं चांगलं होवो. पण एक विचारतो. माझी पोर दोन पावसाळे त्या छताखाली भिजली. तेव्हा कुणी फोटो काढला नाही. आता तुमची येणार म्हटल्यावर छताकडे लक्ष गेलं. उद्या तुमच्यासारखे आणखी येतील, शाळा झकास होईल, आणि मग आम्हालाच सांगाल की जागा नाही. मी तुमच्यावर विश्वास कसा ठेवू?"

टॉवरवाली त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"नका ठेवू," ती म्हणाली. "लक्ष ठेवा माझ्यावर."

तेवढ्यात आजी माझ्या पाठीला धरून उठल्या. "आणि माझे गुडघे? मला चालायला जागा नाही. रस्त्यावर गाड्या अंगावर येतात. बाग मागितली तर मी लगेच मुलांची वैरीण झाले का?"

यावर मोठ्या बाई पहिल्यांदाच बोलल्या. "आजी, शाळा भरायच्या आधी आणि सुटल्यावर मैदान मोकळंच असतं. आम्ही फाटकाला कुलूप घालतो, एवढंच. भीतीपोटी घालतो. ते काढू. पण शाळा रस्त्यापलीकडे नेऊ नका. तो रस्ता तुम्हाला ओलांडता येत नाही, मग सहा वर्षांचं पोर कसं ओलांडेल?"

आजी विचारात पडल्या. "तेही खरंच," म्हणत खाली बसल्या, आणि बसताना त्यांनी मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

साहेबांनी सगळे ऐकले. काही आठवड्यांनी निर्णय आला: शाळा इथेच राहील, छत दुरुस्त होईल, मैदान सकाळ-संध्याकाळ सगळ्यांना खुले राहील. वाहनतळाचा विषय 'तूर्त' बाजूला ठेवला आहे. हा 'तूर्त' शब्द मला मुळीच आवडलेला नाही. बाईंनाही नाही. पुढच्या प्रवेशांच्या वेळी त्यांनी दारातच सांगून टाकले, "आधी वस्तीतली मुलं, मग बाकीची." काही टॉवरवाले रुसले. बसचालक मात्र आपल्या धाकट्याला घेऊन आले तेव्हा त्यांची जागा शाबूत होती.

टॉवरवालीची मुलगी पहिल्या दिवशी माझ्यावर येऊन बसली ती हलेचना. वर्ग भरला, प्रार्थना झाली, तरी ही दप्तर कवटाळून तशीच. शेवटी बसचालकांची मुलगी बाहेर आली. तिने हिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. बापाचीच लेक!

"तू खरंच शिकायला आलीस, की बघायला?"

मुलीने खांदे उडवले. खूप वेळाने म्हणाली, "माहीत नाही."

मामांच्या हातातली घंटा तशीच राहिली. बाजूला उभ्या असलेल्या टॉवरवालीने तोंडावर पदर धरला; वर्षभरानंतर शाळेत लेकीचा हा पहिलाच शब्द होता.

"मग आत ये. इथं बसून कसं कळणार?"

दोघी आत गेल्या. हात धरून नव्हे. एक पुढे, एक मागे, मध्ये चांगले हातभर अंतर ठेवून.

यथावकाश सोसायटीने बाईंच्या दारासाठी चकचकीत खुर्च्या भेट दिल्या आणि मला मैदानाच्या कडेला झाडाखाली ठेवले. ही माझी बढती की हकालपट्टी, ते अजून ठरत नाही. सकाळी आजी येतात, दोन फेऱ्या मारतात आणि माझ्यावर बसून गुडघे चोळतात. संध्याकाळी बसचालक मुलांची वाट बघतात. टॉवरवाली आली की ते अजूनही आधी जरा टवकारून बघतात, मग सरकून जागा देतात. ऊनपाऊस अंगावर घेऊन माझी लाकडे तडकू लागली आहेत. वर्षातून एकदा कुणी तेलाचा हात फिरवला तर आणखी बरीच वर्षे मी लोकांचा भार सोसेन.

मित्रांनो, जाता जाता एवढेच सांगतो. कुणी गोड बोलत आले तर शंका जरूर घ्या, पण शंका घेऊन घरात बसू नका. येऊन विचारा, उत्तर येईपर्यंत हलू नका. शाळा, मैदान, बाक ही सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाहीत, असे समजू नका. आणि छत गळते का, हे बघायला आपले मूल त्याखाली बसेपर्यंत थांबू नका. दुसऱ्याचे मूल बसले असेल, तेव्हाच मान वर करून बघा.