वॉशरच्या घरातली तुळस

घरातली लक्ष्मी गेली की तिची तुळस तिच्या मागोमाग जाते. हा सृष्टीचा नियम आहे आणि तो ब्रह्मदेवालाही चुकवता येत नाही, असं आक्कांनी फोनवर जाहीर केलं. आक्का म्हणजे वॉशरची थोरली बहीण. त्यांच्या स्वतःच्या खिडकीतल्या चार तुळशी एकामागून एक वाळून गेल्या होत्या आणि आक्का ठणठणीत होत्या. पण सृष्टीचे नियम नेहमी दुसऱ्याच्या घरासाठी असतात.

वॉशर हे काही पाळण्यातलं नाव नव्हे. जन्मभर नळदुरुस्ती केली. कुणाचा नळ गळो, गुडघा दुखो की लग्न मोडो, ‘वॉशर गेलाय’ एवढंच यांचं निदान. बायकोच्या तुळशीलाही त्यांनी सोडलं नव्हतं. ती आंघोळ करून, अनवाणी, मागच्या गॅलरीत कुंडीत बारीक धार धरायची, हात जोडायची. हे दारातून चहाचा घोट घेत म्हणायचे, “आम्हाला कधी मिळायचा हा मान?”

“तुम्हीही असे एका जागी गप्प उभे राहायला शिका, मग बघू.”

हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी तिनं डोळे उघडले आणि विचारलं, “तुळशीला पाणी घातलंत?”

“घातलं की,” वॉशर म्हणाले. घातलं नव्हतं. ती “बरं” म्हणाली आणि त्यानंतर काहीच म्हणाली नाही.

सुतकात शेजारणीनं पाणी घातलं. सुतक फिटलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून वॉशर आंघोळ झाली की काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन गॅलरीत जाऊ लागले. गुपचूप. मुलगा बसवर ड्रायव्हर, तो पहाटेच गेलेला. सून आत केस विंचरत असलेली. घरात कळलं असतं तर इतक्या वर्षांची चेष्टा व्याजासकट परत आली असती. हात जोडावेत की नाही हे काही ठरेना, म्हणून ते ओळखीच्या पोलिसाला सलाम करावा तसा एक हात कपाळापर्यंत नेत. संध्याकाळचा दिवा सून लावायची, ते सगळ्यांना दिसायचं. पाण्याबद्दल मात्र घरात कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

आणि तुळस पिवळी पडायला लागली.

आधी खालची पानं गेली, मग शेंड्यानं मान टाकली. वॉशरना आक्कांचा नियम आठवला. ते दोन तांब्ये घालू लागले. बायको खुडायची तशा नखानं मंजिऱ्या खुडल्या. एकदा आजूबाजूला बघून हळूच म्हणालेसुद्धा, “असं करू नकोस बाई. ती एकदा गेली तेवढं पुरे झालं.”

मग मुलाची ड्यूटी बदलली. ते घरात सांगायला तो विसरला. सकाळी वॉशर तांब्या घेऊन गॅलरीत गेले, तर चिरंजीव कुंडीपुढे उकिडवे, हातात प्लास्टिकचा मग.

“बाथरूममधला मग? तुळशीला?”

“धुऊन घेतलाय, बाबा.”

“आणि तू इथं काय करतोयस?”

“रोज घालतो. पहाटे, निघायच्या आधी. तुम्ही हसाल म्हणून बोललो नाही.” तो मगाकडेच बघत राहिला. “आई म्हणायची, जाताना तिला सांगून जात जा. आई होती तेव्हा एकदाही सांगितलं नाही.”

तेवढ्यात मागून आवाज आला, “अगं बाई! तुम्ही दोघं इथं?” सून दारात उभी होती. तिच्याही हातात तांब्या, तोही काठोकाठ.

“तूसुद्धा?” नवऱ्यानं विचारलं.

“बाबा पेपर घेऊन बसले की मी येते. माझा मनीप्लँट मेला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या ना, तुझ्या हाताखाली काही जगत नाही म्हणून. म्हटलं, ही जगवून दाखवू या त्यांना.”

कुणाला दाखवायचं, हे कुणी विचारलं नाही.

वॉशरनी मातीत बोट घातलं. ते सगळं आत गेलं. त्यांनी कुंडी आडवी केली. चिखलाचा गोळा भसकन बाहेर आला आणि त्याबरोबर अख्खी तुळस. मुळं काळी, बुळबुळीत. त्यांनी तळ चाचपला. भोक नव्हतं. तिथे सिमेंट होतं, बोटानं गुळगुळीत केलेलं, आणि ते बोट त्यांचंच. मागे कधीतरी खालच्या मजल्यावरच्यांच्या कपड्यांवर पाणी गळायचं, तेव्हा त्यांनी ते बुजवलं होतं. झकास काम झालं होतं. त्यानंतर बायको तांब्या सोडून एका लहानशा फुलपात्रानं पाणी घालायची. का, ते यांनी विचारलं नव्हतं. तिनंही सांगितलं नव्हतं.

“पालवी नाही का फुटणार परत?” सुनेनं विचारलं.

वॉशरनी एक फांदी वाकवली. ती काडकन मोडली. त्यांनी मान हलवली.

मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सून म्हणाली, “कचऱ्यात नाही हं टाकायची, बाबा. वाहत्या पाण्यात सोडतात तिला.”

“आणखी पाणी?” वॉशर म्हणाले.

त्यांना हसू आलं, आणि ते अर्ध्यावरच विरलं. ते चिखलात तसेच खाली बसले, तुळस मांडीवर घेऊन. “मी हो म्हणालो होतो तिला,” ते म्हणाले. “हॉस्पिटलात. तिनं विचारलं, पाणी घातलंत का, तर हो म्हणालो. घातलं नव्हतं रे. ते खरं करायचं होतं मला.”

सुनेला हुंदका आवरेना. ती सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून रडू लागली. मग वॉशरनी बाहीनं नाक पुसलं आणि वर बघितलं.

“सूनबाई, तो तांब्या जरा सरळ धर. माझ्या पायावर पाणी पडतंय.”