एनो पोमाच्या घरी नळ

एनो पोमा गेली तेव्हा तिच्या घरात नळ नव्हता, आणि तिचा थोरला मुलगा इजिसू गावातला सगळ्यात नावाजलेला प्लंबर होता. गावाने ही गोष्ट दोन महिने चघळली. ओबेंगच्या तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण तो बाजारातून निघाला की टोमॅटोवाल्या बायकांचे आवाज एकदम खाली यायचे, आणि त्याला जे कळायचं ते कळायचं.

त्याला सगळे मास्टर म्हणत. गळका फ्लश, तुंबलेलं बेसिन, गिझर, कमोड, गच्चीवरची टाकी, काहीही असो, मास्टर ओबेंगला बोलवा. आई चढाच्या टोकाला, घराण्याच्या जुन्या घरात एकटी राहायची. पाणी आणायची ती चढाच्या तळाशी असलेल्या शाळेच्या बोअरच्या नळावरून, डोक्यावर बादली घेऊन, दिवसाला चार खेपा. पाणी कंपनीची लाईन तिच्या घरामागच्या रस्त्यावरून गेली होती. जेमतेम ऐंशी फूट अंतर. सात वर्षं ओबेंग म्हणत होता, "पुढच्या महिन्यात नक्की, एनो." एनो म्हणजे आई. एकदा तर त्याने पाईप आणून अंगणात टाकलेही होते. मग एका गिऱ्हाइकाकडे ऐन वेळी पाईप कमी पडले आणि तो ते उचलून घेऊन गेला.

म्हातारी रागावली नाही, हेच तर वाईट. "ने बाबा," ती म्हणाली, "त्यांच्याकडे लहान पोरं असतील." शिवाय बोअरच्या रांगेत उभी राहून बायकांना ऐकवायची, "माझा मास्टर लोकांच्या झोपायच्या खोलीपर्यंत पाणी नेतो, ठाऊक आहे? कुशीवर वळलं की नळ!"

"आणि तुझ्याकडे गं, पोमा?"

"माझ्याकडे तो स्वतः येतो की!"

यायचाही तो, दर रविवारी, कंद कुटून केलेलं फुफू खायला. जेवणाआधी ती त्याच्या हातांवर वाडग्याने पाणी घालायची. ते पाणी कुठून आलं, हे त्याला ठाऊक होतं. तरी हात धुऊन तो जेवायला बसायचा.

एका मंगळवारी, तिसऱ्या खेपेला, ती चढावर अर्ध्यातच बसली. बसली ती उठलीच नाही. मागून येणाऱ्या बाईने पाहिलं तेव्हा बादली कलंडलेली होती आणि पाणी उतारावरून केव्हाच वाहून गेलं होतं. त्या वेळी ओबेंग तीन मैलांवर एका बंगल्यात बाथटब बसवत होता. फोन खुंटीवरच्या पँटच्या खिशात वाजत राहिला.

आमच्याकडे जाणाऱ्या माणसाच्या तोंडात घरच्यांनी पाणी घालायचं असतं. त्याला हाक मारून सांगायचं असतं की हे पाणी घे, सावकाश जा, आमच्यावर माया असू दे. ते पाणी न मिळता जाणं, अशी वेळ रागाच्या भरातही कुणी कुणाला चिंतत नाही. एनो पोमाला ते मिळालं नाही. दोन मुलगे असून मिळालं नाही, आणि त्यातला एक तर पाण्यावरच पोट भरत होता.

आठव्या दिवशी घराण्याची बैठक बसली. मुखिया म्हणजे पोमाचा भाऊ, ओबेंगचा मामा, तोंडाचा फटकळ. धाकटा भाऊ अँथनी हँबर्गहून फोनच्या पडद्यावर हजर होता.

"घराला रंग लावा, टाइल्स बसवा," अँथनी म्हणाला. "आणि मागे पाहुण्यांना दोन संडास हवेत. माझ्याबरोबर इथली माणसं येणारेत, त्यांना काय झुडपात पाठवू?"

माणूस आठवडेच्या आठवडे शवागारात आणि इकडे घराची रंगरंगोटी, ही आमची जुनी खोड आहे. हयातभर ज्या छपरातून पाणी टपकतं, ते छप्पर अंत्यविधीच्या आधी नवंकोरं होतं, कारण लोक येणार, लोक बघणार. ज्याने टपकणाऱ्या पाण्याखाली पातेली ठेवली त्याच्याबद्दल कुणाला कधी लाज वाटली नाही.

मामाने काठी आपटली. "घरात पाणी आल्याशिवाय माझी बहीण शवागारातून हलायची नाही. प्लंबर बाहेरून आणायचा, की घरातल्याला सवड आहे?"

"मी करतो, मामा," ओबेंग म्हणाला.

"पुढच्या महिन्यात?"

कुणी हसलं नाही. ओबेंगची मान खाली गेली ती बैठक उठेपर्यंत वर आली नाही.

चर त्याने एकट्याने खणला. दीड दिवस लागला. पाईप टाकायला, जॉईंट मारायला अर्धा दिवस. सात वर्षं रखडलेलं काम दोन दिवसांत संपलं, आणि ओबेंग चराच्या काठावर बसून लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. शेजारणींनी दारं लोटून घेतली, निदान तेवढी लाज त्यांनी त्याची राखली.

पुढचं काम मात्र त्याने सावकाश केलं. आईच्या खोलीला लागून न्हाणीघर बांधलं, काळी टाकी उंच ओट्यावर चढवली, बाहेर खोल शोषखड्डा घेतला. फरशीला असा उतार दिला की पाणी थेंबभरसुद्धा तुंबू नये. नळ नेहमीपेक्षा वर बसवला, वाकायला लागू नये म्हणून. भिंतीत एक जाड दांडा पक्का केला.

आईची धाकटी बहीण दुफी मावशी रोज डोकावून जायची. तिने विचारलं, "हा दांडा रे कशाला?"

"धरायला."

"कुणाला?"

ओबेंग पान्याने आधीच घट्ट असलेला नट पुन्हा आवळत राहिला. मावशीने दांडा एकदा धरून पाहिला आणि ती गेली.

त्याच्या मनात एकच गोष्ट पक्की होती, आणि ती त्याने फक्त मावशीला सांगितली. शेवटचं पाणी चुकलं, ते आता भरून येणार नाही. पण शेवटची आंघोळ तरी एनोला तिच्या स्वतःच्या नळाच्या पाण्याने झाली पाहिजे. न्हाऊ घालायचं काम बायकांचं, त्यात पुरुषाला जागा नाही. त्याने पाणी तेवढं आणून द्यायचं. "तेवढं एक होऊ दे, मावशी. मग मला कुणी काही बोललं तरी चालेल."

"होईल," मावशी म्हणाली.

"लाईनला आता शुक्रवारी पाणी येईल. नव्या पाइपातलं पहिलं पाणी थोडा वेळ वाहू द्यायचं, आत माती असते. मग टाकी भरली की झालं."

शुक्रवार उजाडला. पाहुणे सकाळपासूनच येऊ लागले, सुतकाच्या काळ्या आणि लाल कपड्यांत. अंगणात मंडप, खुर्च्यांच्या रांगा, प्यायच्या पाण्याच्या पिशव्यांची थप्पी. हँबर्गहून आलेला अँथनी नवी न्हाणी सगळ्यांना दाखवत फिरत होता, जणू त्यानेच ती बांधली होती. दोन बायका आत शिरून तोंड धुता येतं का पाहू लागल्या, तेव्हा ओबेंगने त्यांना बाहेर काढलं. पहिलं पाणी एनोचं. त्याने दाराला कुलूप आणून ठेवलं.

मग तो आत एकटाच उपड्या बादलीवर बसला आणि नळ उघडला. सूंऽऽ करून हवा आली. इजिसूत ज्याच्या घरी नळ आहे तो प्रत्येक माणूस हेच करतो: लाईन कोरडी असली की नळ उघडा टाकतो, म्हणजे पाणी आलं की आवाजाने कळतं. आणि ओबेंग वीस वर्षं याच गोष्टीवरून गिऱ्हाइकांना झापत आला होता. "अहो, नळ उघडा सोडून बाजारात जाता, मग टाकीत काय माझा घाम भरणार?" पण त्या दिवशी तो गिऱ्हाइकांसारखाच बसला, कान लावून. आईच्या घरात पाणी येताना त्याला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. "मास्टर!" मामा ओरडला. "शवागारात काय त्या पोरींना पाठवू? थोरला मुलगा लागतो सहीला!"

ओबेंग दचकून उठला. बाहेर आला, दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि गाडीत बसला.

शवागारात रांग होती. कागद, शिक्के, पुन्हा कागद. एनोला बाहेर आणलं तेव्हा ती इतकी लहान दिसत होती की ओबेंग आधी तिला शोधत मागच्या स्ट्रेचरकडे पाहू लागला. गाडी परत चढावर आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अंगणात रडण्याचा एकच कल्लोळ उठला. बायकांनी एनोला उचलून तिच्या खोलीत नेलं आणि दुफी मावशीने ओबेंगपुढे हात केला. "दे किल्ली. पाणी सोड आता."

"आलं होतं पाणी?"

"आलं की! दुपारभर वाहत होतं. आम्ही बाहेर बसून ऐकत होतो सगळ्या. म्हटलं, पोमाच्या घरात पाणी वाहतंय! रडायला आलं रे."

ओबेंगने खिशातून किल्ली काढली. "दुपारभर?"

"तूच म्हणालास ना, पहिलं पाणी वाहू द्यायचं? आम्हाला वाटलं, तू मुद्दाम सोडून गेलास. दाराला कुलूप, आम्ही कोण हात लावणार? मघाशीच थांबलं."

त्याने कुलूप उघडलं. फरशी स्वच्छ धुऊन निघाली होती, थेंबभर पाणी कुठे तुंबलेलं नव्हतं. नळ पुरा उघडा होता. तो धावत बाहेर गेला, टाकीवर बुक्की मारली. टाकी रिकाम्या पिंपासारखी वाजली. जेवढं वरून आलं तेवढं सगळं खालच्या शोषखड्ड्यात गेलं होतं. लाईनला पुढचं पाणी आता बुधवारी.

"काय झालं?" मामा आला.

"मी नळ बंद करायला विसरलो, मामा."

 मामा फटकळ माणूस, पण ओबेंगचा चेहरा पाहून तो अँथनीला हाक मारायला वळला.

अँथनीने टँकरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, उद्या दुपारी. कुणीतरी प्यायच्या पिशव्या फाडायची गोष्ट काढली. "पिशव्या फाडून न्हाऊ घालू?" मावशी कडाडली. "ती काय रस्त्यावर सापडली?" मग ती ओबेंगकडे वळली आणि आवाज उतरवून म्हणाली, "मास्टर, आता थांबता येणार नाही. उकाडा आहे."

ओबेंगने अंगावरचं काळं वस्त्र काढून खुर्चीवर टाकलं. खाली त्याची कामाची अर्धी चड्डी आणि बनियन होता. भिंतीला टेकवलेली आईची बादली त्याने उचलली. घरातली दोन तरुण पोरं पुढे आली, "मास्टर, आम्ही आणतो." त्याने त्यांना हातानेच थांबवलं.

चढ उतरताना काही वाटत नाही. भरली बादली डोक्यावर घेऊन वर येताना अर्ध्यातच त्याला दम लागला, मान आखडली, पाणी कानात, डोळ्यांत आलं. तो पन्नाशीचा, पाईप उचलून कमावलेल्या अंगाचा माणूस होता. ती त्र्याहत्तर वर्षांची होती. चार खेपा. त्याने हे गणित आजवर कधी मांडलं नव्हतं, आणि आता मांडून काही उपयोग नव्हता.

खोलीच्या दाराशी मावशीने बादली घेतली. आतून बायकांचं हलक्या आवाजातलं गाणं येत होतं. ओबेंगने चौकट धरली. "मावशी, घोटभर तिच्या तोंडात घाल ना. माझ्या नावाने. मी इथूनच हाक मारतो तिला."

दुफी मावशीने त्याच्याकडे पाहिलं. तिचेही डोळे भरून आले होते, पण खोटं बोलायची तिची रीत नव्हती. "ते पाणी जिवंत माणसाला देतात, बाळा," ती म्हणाली. "अजून दोन बादल्या आण." आणि तिने दार लावलं.

तो पुन्हा खाली गेला. बोअरवर संध्याकाळची रांग लागली होती. पहिल्या खेपेला ओळखीच्या बायकांनी त्याला न बोलता वाट करून दिली होती. आता रांग बदलली होती आणि पुढे एक अनोळखी बाई उभी होती, पाठीला लेकरू बांधलेली, मोहल्ल्यात नवीन असावी. डोक्यापासून भिजलेला, बनियनवरचा हा पुरुष बादली घेऊन रांगेत पाहून तिला हसू आलं.

"काय हो दादा, घरातल्या बायका कुठे गेल्या?"

ओबेंगने काय सांगायचं याचा विचार केला. मग जे होतं तेच सांगितलं.

"आईला आंघोळीला पाणी हवंय."

बाईचं हसू बदललं. तिने आपली बादली पायाने बाजूला सरकवली आणि त्याला नळाखाली जागा करून दिली.

"भरा, भरा तुम्ही आधी," ती म्हणाली. "नशीब काढलंय हो म्हातारीने. असा मुलगा मिळायला पुण्य लागतं."

ओबेंगने बादली नळाखाली ठेवली. ती भरून वाहू लागली तरी त्याला ती उचलता येईना.