रेघेवरचा चेंडू

"मले खेळता येत नाई साहेब. मले फक्त पाहता येते," क्लबाचा चपराशी डोमाजी म्हणाला.

नवे तहसीलदार जगदाळे क्लबाच्या टेनिस कोर्टावर जाळीपाशी घामाघूम होऊन उभे होते. समोर शाळेतली अकरा मुलं रांगेत होती आणि त्यातली निम्मी कुंपणाबाहेरून जाणाऱ्या बैलगाड्या मोजत होती. आठ दिवसांपूर्वी हीच मुलं सव्वीस होती. रॅकेट कशी धरायची, मनगट कसं ठेवायचं, पाय कुठे टाकायचा, हे साहेब रोज तासभर समजावून सांगत आणि रोज दोन-तीन मुलं कमी होत.

"बावीस वर्षं पंचाच्या या खुर्चीवर बसलात, आणि रॅकेट हातात धरली नाही?"

"धरली ना साहेब. पेटीत नेऊन ठेवाले."

जगदाळे हसले नाहीत. ते साताऱ्याकडचे होते. दोन वर्षांपूर्वी महाराष्ट्र झाला, तेव्हापासून असे लांबचे अधिकारी दारव्ह्याला येऊ लागले होते. त्यांनी रुमालानं मान पुसली आणि रॅकेट डोमाजीच्या हातात दिली. "मग जे पाहिलंत ते सांगा यांना. माझ्याच्यानं हे होत नाही."

क्लबातली ती उंच लाकडी खुर्ची डोमाजीकडे कशी आली, याची एक गोष्ट होती. इथे संध्याकाळी खेळायला येणारे सगळे एकमेकांचे वरचे किंवा खालचे. नायब तहसीलदारानं तहसीलदाराचा चेंडू 'आउट' कसा म्हणावा? वकिलानं मुन्सफाचा कसा म्हणावा? सकाळी त्याच माणसासमोर उभं राहायचं असे. म्हणून कुणीतरी चपराशाला खुर्चीवर बसवलं. ज्याला कुणी माणसांत मोजत नाही, त्याचा राग येत नाही. पण डोमाजीची नजर पक्की निघाली. रोज पहाटे मुरमावर चुन्याच्या रेघा तोच ओढायचा, आणि त्या रेघेच्या बोटभर बाहेर पडलेला चेंडू त्याला ठाऊक असायचा. 'आउट' म्हणाला की आउट. हळूहळू साहेब लोक भांडेनासे झाले.

छप्पन साली तो नागपूरला दीक्षा घेऊन आला. त्यानंतर कुणी "डोमा" अशी हाक मारली, तर तो ओ देत नसे. रागावत नसे, फक्त वळून पाहत नसे. पहिले दोन दिवस साहेब लोकांना आपलं आपणच पाणी घ्यावं लागलं. तिसऱ्या दिवशी सगळे डोमाजी म्हणू लागले.

आता त्यानं पहिल्या दिवशी मुलांना रॅकेट दिलीच नाही. रोलर ओढायला लावला. अकरा पोरं दोराला लागली, तो जड लोखंडी रोलर गडगडत निघाला, आणि आरडाओरडा ऐकून रस्त्यावरची आणखी चार पोरं कुंपणाशी आली.

"तुमी बी या," डोमाजी म्हणाला. "दोर लय लांब हाये."

दुसऱ्या दिवशी त्यानं दोघादोघांना जाळीच्या दोन बाजूंना उभं केलं. क्लबात चारच जुन्या रॅकेट होत्या, म्हणून बाकीच्यांसाठी सुताराकडून फळ्या कापून आणल्या होत्या. चेंडू इतके वापरलेले, की त्यांच्यावर लव उरली नव्हती.

"कोनालेच हारवायचं नाई. तेलाची बाटली घरी नेता ना, सांडू न देता? तसा बॉल तिकडच्याले पोचवा. तो वापस तुमाले पोचवन. किती येळा पोचते ते मोजा. जास्तीत जास्त ज्या जोडीचे, त्याईचा आकडा म्या भितीवर लिहीन."

त्या दिवशी कोठीच्या भिंतीवर कोळशानं चारचा आकडा लिहिला गेला. आठव्या दिवशी एकोणीस. पंधरा दिवसांनी सकाळी साडेसहाला डोमाजी फाटक उघडायला गेला, तर तेवीस पोरं बाहेर उभी होती.

त्याला खेळता येत नव्हतं, पण बावीस वर्षांतली प्रत्येकाची चूक त्याच्या डोक्यात होती.

"पाय मांगं कायले ठेवतं? डॉक्टर साहेब असेच ठेवत, म्हनून जिंदगीभर हारले. अन् तू रे, मारल्यावर पाहून राह्यला. मुन्सफ साहेबाची खोड हाये ते. आधी पाह्य, मंग मार."

साहेबांच्या खोडी ऐकून पोरं खदाखदा हसत, आणि पाय पुढे टाकत.

प्रेमसिंग बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा होता, वसतिगृहात राहायचा. घरी गोरबोली, वर्गात तोंड बंद. आकडे मोठ्यानं मोजायचे असल्यामुळे आधी त्याच्या तोंडातून आकडे फुटले, मग भांडण, मग सगळंच. पिंपळखुटे वकिलांची लीला चौदा वर्षांची, पोक काढून चालायची. दहा पावलं धावली की तिला धाप लागायची. तिला मोकळ्या हवेत खेळू द्या असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून वकिलांनी नाइलाजानं पाठवली होती. पाऊसकाळ संपेपर्यंत ती कोर्टाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळून चेंडू परत करू लागली, आणि तिची पाठ कधी सरळ झाली ते तिच्या आईलाही कळलं नाही.

स्वतःच्या मुलीला मात्र डोमाजीनं आणलं नव्हतं. एक दिवस जगदाळ्यांनीच विचारलं, "तुमची पंचफुला याच शाळेत आहे ना? ती कुठंय?"

डोमाजी दोन दिवस विचार करत राहिला. बायको कौसल्या म्हणाली, "साहेबानं सोता इचारलं, तरी तुमी काहून थांबून राह्यले?"

"लोक काय म्हनतीन."

"लोकाईले इचारून नागपूरले गेलते काय?"

तिसऱ्या दिवशी पंचफुला आली. तिचा हात चांगला होता, पण दुसरीच अडचण निघाली. मुलं आपल्या बाजूच्या रेघा आपणच पाहत. लीलाचा चेंडू हातभर बाहेर पडला, तरी पंचफुलाच्या तोंडून 'आउट' निघेना. ती खाली मान घालून चेंडू उचलायची आणि परत द्यायची.

"अगं, आउट होता तो," लीलाच म्हणाली. "म्हण ना. मी काय खाते का तुला?"

"मोठ्यानं," डोमाजी ओरडला. "कोर्टाच्या भाईर ऐकू आलं पाह्यजे!"

महिनाभरात तो आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येऊ लागला.

डिसेंबरात यवतमाळला जिल्ह्याचे सामने होते. मुलींमधून एकीला पाठवायचं ठरलं, आणि निवडीच्या अखेरच्या सामन्यात लीला आणि पंचफुला समोरासमोर आल्या. सामन्याच्या चार दिवस आधी डोमाजी क्लबात चहाचे कप गोळा करत असताना पत्त्यांच्या टेबलावर पिंपळखुटे वकील म्हणाले, "पोरगी त्याची, शिकवतो तो, आणि खुर्चीवरही तोच. घरच्या घरी सगळं!" टेबलावर हशा झाला. वकील वाईट माणूस नव्हते. टाळीची वाक्यं बोलायची त्यांना सवय होती.

डोमाजी तहसीलदारांकडे गेला. "साहेब, खुर्चीवर दुसऱ्याले बसवा."

"तुमच्याइतकी नजर कुणाची आहे इथे?"

"नजरेचं नाई साहेब. मनाचं सांगून राह्यलो."

"बावीस वर्षांत तुमचा एकही निकाल चुकला नाही म्हणतात लोक. बसा तुम्हीच."

सामना रविवारी चार वाजता सुरू झाला. एकच डाव खेळायचा होता. क्लबाचे सगळे सभासद खुर्च्या टाकून बसले होते आणि कुंपणाला शाळेची पोरं लटकली होती. कौसल्याही लांब, फाटकाजवळ उभी होती. मुली छान खेळल्या. लीला कोपरे शोधायची, पंचफुला प्रत्येक चेंडू परत आणायची. एक गेम हिचा, एक तिचा, असं करत पंचफुला पाच-चार पुढे गेली. पुढच्या गेममध्ये डोमाजीनं आकडा सांगितला, "फॉर्टी-थर्टी." एक गुण मिळाला की पंचफुला जिंकणार होती.

चेंडू नऊ-दहा वेळा इकडून तिकडे गेला. मग पंचफुलानं तो उजव्या बाजूच्या रेघेला समांतर असा काढला, की लीला धावली पण पोचली नाही. चेंडू रेघेवर पडला. चुन्याची चिमूटभर धूळ उडाली. डोमाजीनं ती धूळ पाहिली. त्याच क्षणी त्याला पत्त्यांच्या टेबलावरचा हशा ऐकू आला, आणि त्याच्या तोंडून शब्द निघाला,

"आउट!"

पंचफुलानं एकदा वर पाहिलं. मग चेंडू घ्यायला मागे गेली.

लीला मात्र जागची हलली नाही. "डोमाजी, तो आत होता. रेघेवर."

"लीला," वकील बसल्या जागेवरून म्हणाले, "अंपायरचा निकाल मानायचा असतो. खेळ."

"पण मी जवळ होते, बाबा. चुना उडाला."

सगळे खुर्चीकडे पाहू लागले. जगदाळे उठून उभे राहिले. "डोमाजी?"

बावीस वर्षांत त्यानं शब्द मागे घेतला नव्हता. आता घेतला तर म्हणणारे म्हणतील, बापानं पोरीला जिंकवलं. नाही घेतला तर कुणालाच काही कळणार नव्हतं. चूक कुणाचीही होते.

डोमाजी खुर्चीवरून उतरला. पाच पायऱ्या उतरायला त्याला वेळ लागला. मुरमावर उभा राहून तो म्हणाला, "बॉल आत होता. मले दिसला होता. माह्यी पोरगी हाये म्हनून लोक काय म्हनतीन, या भेवानं म्या खोटं बोललो. पंचफुला जिंकली. अन् या खुर्चीवर म्या आता बसनार नाई."

मागून एक हलका आवाज आला, "झालं, दिली पोरीला." कोण बोललं ते कळलं नाही, पण पंचफुलानं ऐकलं. ती जाळीपाशी आली.

"फिरून खेळू," ती लीलाला म्हणाली.

"कशाला? तू जिंकलीस."

"असं नाई पाह्यजे मले. फॉर्टी-थर्टीपासून खेळू."

"वेडी आहेस का? चेंडू आत होता."

"आत होता ते मले मालूम हाये. तरी खेळू."

दोघींचं भांडण जुंपलं. जी ती दुसरीला जिंकवायला निघाली होती. शेवटी जगदाळे म्हणाले, "खेळा मग. खुर्चीवर कोण?"

"कोनीच नाई," पंचफुला म्हणाली. "आमचं आमी सांगतो. रोज सांगतोच."

डोमाजी रोलरला पाठ टेकून जमिनीवर बसला. मुली पुन्हा खेळू लागल्या. रेघेवरचे चेंडू पुष्कळ पडले, आणि दर वेळी आवाज आला, कधी हिचा, कधी तिचा. एकदाही दुमत झालं नाही. ऊन जाऊन सावल्या जाळीपलीकडे पोचल्या तेव्हा लीला आठ-सहा अशी जिंकली. दोघी हात धरून पाण्याच्या माठाकडे गेल्या.

घरी जाताना कौसल्या पुढे चालत होती. बाप-लेक मागे.

"रागावली काय?" डोमाजीनं विचारलं.

"हारली म्हनून नाई."

"मंग?"

"तुमाले तुमचं नाव राखायचं होतं, बाबा. त्याच्यात माह्या बॉल गेला."

डोमाजी म्हणाला, "गेला. आता कधी असं नाई करन."

"कसं करान? खुर्ची तं सोडली तुमी," पंचफुला म्हणाली आणि हसली. तिला हसताना पाहून त्याचे पाय जरा हलके झाले.

घरी तिनं चार भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी लीला बापाशी भांडली. मी एकटी यवतमाळला जाणार नाही, म्हणाली. मुलींच्या जोडीचेही सामने होते. जगदाळ्यांनी त्यात दोघींची नावं लिहिली, आणि पिंपळखुटे वकिलांनी कागदावर सही केली. दोघी पहिला सामना जिंकल्या, दुसरा हरल्या, आणि परतीच्या गाडीत दारव्ह्यापर्यंत ज्या चेंडूनं हरल्या त्याच्यावर बोलत आल्या.

क्लबात मात्र पंचाईत झाली होती. संध्याकाळी साहेब लोक खेळायला येत आणि खुर्ची रिकामी. जगदाळ्यांनी डोमाजीला दोनदा विचारलं. दोनदा तो हात जोडून नाही म्हणाला. मग खेळ विचित्र झाला. चेंडू रेघेजवळ पडला की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत. नायब तहसीलदार म्हणत, "बहुतेक आत असावा, साहेब." डॉक्टर म्हणत, "पुन्हा खेळू या." एका गेमला अर्धा तास लागू लागला. तिकडे कुंपणाच्या तारेपलीकडच्या मोकळ्या जागेत डोमाजीनं पोरांसाठी दुसरं कोर्ट आखलं होतं, आणि तिथून सारखे आवाज येत होते, "आउट! आत! आउट!"

जानेवारीतल्या एका संध्याकाळी पिंपळखुटे वकील तहसीलदारांविरुद्ध खेळत होते. तहसीलदारांचा चेंडू उंच आला. वकिलांनी तो जोरात मारला. तो रेघेच्या पलीकडे, वीतभर बाहेर पडला. तहसीलदारांची नजर जाळीवरच होती. त्यांनी पाहिलं नव्हतं. वकिलांनी सवयीनं खुर्चीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. पाहणाऱ्यांनी नजरा दुसरीकडे वळवल्या.

वकिलांनी रॅकेट खांद्यावर टेकवली.

"आउट," ते म्हणाले. मग घसा साफ करून पुन्हा, मोठ्यानं, "आउट होता, साहेब. माझाच."

डोमाजीला ते ऐकू आलं. पण त्यानं वळून पाहिलं नाही. त्याच्यासमोर सतरा पोरं दोन रांगांत उभी होती, आणि नवीन आलेल्या एका मुलीच्या हातातली फळी तो सरळ करून देत होता.